उन्हात घातलेले मोड

शाळेत असताना बी कसं उगवतं ते मला नीट माहीत होतं. पाणी, हवा, ऊब. तीन शब्द लिहिले, शेजारी शेंगदाण्यासारखं दिसणारं एक चित्र काढलं, की मास्तर खूश. मग माझं लग्न झालं आणि जे येत होतं तेही गेलं.

आम्ही पेणच्या खारेपाटातले. गावाच्या एका अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध, बांधाच्या आत शेतं. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. माझ्या वडिलांचा निम्मा जन्म त्या उघाडीच्या फळ्या वरखाली करण्यात गेला. आई मिठागरातल्या माणसांची लेक. आणि बायको रोह्याची. म्हणजे पत्रिकेत रोहा, प्रत्यक्षात अष्टमीचा पूल ओलांडून पुढं डोंगराकडं बरंच आत जावं लागतं. तिकडं पाणी गोडं, माती तांबडी, पावसाळ्यात भात आणि भात कापलं की त्याच ओलीवर वाल. पेण ते रोहा हे अंतर एसटीनं काहीच नाही. पण बी उगवण्याच्या बाबतीत ती दोन वेगळी राज्यं आहेत आणि मी नेमका त्यांच्या सीमेवर संसार थाटला.

लग्न उन्हाळ्यात झालं. बायकोनं माहेराहून येताना साड्यांच्या घड्यांत पुरचुंड्या आणल्या होत्या. नव्या नवऱ्याच्या उत्साहानं मी एक साडी उलगडली, तर आतून दुधीच्या बिया सांडल्या. कारली, पडवळ, शिराळी, राख चोळून ठेवलेले वाल, सगळं रुखवतात नसलेलं सामान. आल्या आल्या तिनं घरामागचं परस ताब्यात घेतलं. मी कंपनीतून सुटलो की तिच्या मागं मागं हिंडायचो. मी तेव्हा डोलवीला कंत्राटदाराकडं होतो. दिवसभर लोखंड बघून आल्यावर बायको आणि माती दोन्ही फार मऊ वाटायच्या.

कारल्याचं बी कडक कवचाचं, म्हणून तिनं ते दगडावर टोकाशी जरा घासलं आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. दुधीला नुसतं भिजवलं. आणि धने तिनं ओसरीवर पसरले, पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि रगडायला बसली. आईनं ते पाहिलं आणि देव्हाऱ्याकडं तोंड करून हात जोडले.

"अगो बाय, खायच्या वस्तूला चप्पल?"

"खायचे नायत आई, पेरायचे हायत. फोडल्याबिगर लवकर उगवत नायत. एका धन्यात दोन बिया असतात."

"मग हातानं फोड."

"हातानं फुटत नायत."

"फुटत कशे नायत? सर तिकडं."

आई बसली. धना बोटात धरून दाबला. दातात धरला. पाटा आणला, त्यावर धने नुसते घरंगळून घरभर पळाले. शेवटी तिनं इकडंतिकडं बघितलं, मी दिसत नाही अशी खात्री करून घेतली (मी दाराआड होतो) आणि आपलीच चप्पल काढली.

आठवड्याभरात परस बोलू लागलं. आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. वाल मातीतून वर आला तो आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन, बाजारातून पाटी घेऊन येणाऱ्या बाईसारखा मान वाकवून. तसाच दुधी, त्यानं तर वाटेत कवचाची टोपीसुद्धा काढली नव्हती. पण कुंपणाशी टाकलेली आंब्याची बाठ जागची हलली नाही. ती खालीच बसून राहिली आणि तिनं तांबूस पानांचा एक झुबका तेवढा वर पाठवला. फणसाच्या आठळ्यांना तर मातीचीही गरज नाही, टोपलीत ओल लागली की तिथंच शेपट्या काढतात. ओसरीच्या कोपऱ्यात एक नारळ कित्येक महिने आडवा पडला होता. तो मेला असं समजून मी त्याच्यावर चपला ठेवायचो. एके दिवशी त्याच्या डोक्यातून कोंब आलेला.

"हे असं का?" मी विचारलं. "कुणी डाळी वर घेऊन येतं, कुणी खालीच ठेवून येतं. पानी-हवा-ऊब तर सगळ्यांना सारखीच."

"ज्याची त्याची रीत," बायको म्हणाली. "तुम्ही काय, मी काय. एका मांडवात उभे होतो म्हणून सारखे झालो का?"

मी तांब्या उचलला आणि दुधीला पाणी घालायला लागलो.

आता आमची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यामुळं झालं.

तिच्या माहेरी पालापाचोळा शेतात जाळून राब भाजतात, त्यावर कोरडं भात पेरतात, रोपं वीतभर झाली की उपटून चिखलात लावतात. लावणी. सगळ्या जगात असंच चालतं असं तिला वाटायचं. आमच्या खारात ते चालत नाही. आमच्या मातीत मीठ. पावसानं ते थोडं धुतलं, उघाडीतून खारं पाणी बाहेर काढलं, की मधल्या थोड्या दिवसांत भात रुजलंच पाहिजे. कोरडं बी खारट चिखलात टाकलं तर ते डोळे मिटून पडून राहतं आणि तिथंच कुजतं. म्हणून आम्ही ते घरात रुजवून नेतो. भात पाण्यात भिजवायचं, निथळायचं, पेंढा घातलेल्या मोठ्या टोपल्यांत भरायचं, वर सागाची पानं, पुन्हा पेंढा, त्यावर धोंडे. आत ते तापतं. हात घातला तर चटका बसावा इतकं. मग पांढरे मोड येतात आणि ते मोडाचं भात चिखलावर मुठीनं फेकतात. त्याला रहू टाकणं म्हणतात.

यात एक गंमत वडील सांगायचे. भात पाण्यात बुडून राहिलं तर आधी वरचा कोंब निघतो, मूळ मागनं. आणि हवा लागली, नुसती ओल असली, तर आधी मूळ. म्हणून रहू टाकला की शेतातलं पाणी काढून टाकायचं, मूळ मातीत शिरू द्यायचं. "आधी पाय, मंग डोका," ते म्हणायचे. मी विचारलं, मग पाण्यात आधी डोकं का? तर म्हणाले, "बुडताना तू आधी काय वर काढशील?"

आणि एक नियम होता. टोपल्या धोंड्याखाली गेल्या की त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. मोड आले का, किती आले, कधी टाकणार, एक अक्षर नाही. टोकलं की बी मोड आत ओढून घेतं, असं आमच्याकडं मानतात. वडील त्या दिवसांत टोपल्यांसमोरून जाताना खोकतसुद्धा नसत. गावात त्यांच्यासारखा बी रुजवणारा दुसरा नव्हता. त्यांनी भात भिजवलं की आळी भिजवायची, त्यांनी टोपली उघडली की आळी उघडायची. कुणी विचारायचं नाही, सगळे नुसतं बघायचे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की माझ्या बायकोला यातलं कुणीच काही सांगितलं नाही. सांगणार कसं? बोलायचंच नव्हतं.

आणि ते बी काही साधं नव्हतं. जुन्या तांबड्या तांदळाचं भात, खारात तग धरणारं. बाजारातलं पिशवीतलं बी आमच्या मातीत टाकलं तर हिरवं होऊन चार दिवस मिरवतं आणि मग पिवळं पडून मरतं. त्यामुळं जो तो आपल्यापुरतं बी जपायचा आणि सगळं एकदम भिजवायचा. शेजाऱ्याकडंही मागायला उरायचं नाही. ते टोपल्यांतलं भात म्हणजे आमचं पुढचं वर्षभराचं जेवण होतं. ते गेलं की गेलं.

त्या दिवशी सकाळी वडील उघाडीवर गेले, फळी अडकली होती. आई पेणच्या बाजारात. मी पहिल्या शिफ्टला. घरात एकटी बायको. पावसानं उघडीप दिलेली, ऊन असं की डोळे दिपावेत. ती झाडत झाडत पडवीच्या कोपऱ्यात गेली आणि तिला वास आला. आंबूस, गरम. तिनं धोंडे काढले, पेंढा बाजूला केला. खाली बियाण्याचं भात, ओलंचिंब, वाफ येतेय, आणि दाण्यादाण्याला पांढऱ्या शेपट्या.

तुम्ही तिच्या जागी उभे राहा. तिच्या माहेरी एका पावसात कौल सरकलं होतं, बियाण्याच्या कणगीत पाणी गेलं होतं आणि भात जागच्या जागी रुजलं होतं. तिच्या आईनं तेव्हा दोन वेळ चूल पेटवली नव्हती. रुजलेलं बियाणं म्हणजे घरावर आलेलं संकट, एवढंच तिला ठाऊक. आणि इथं तर कुणीतरी वर धोंडे ठेवून ते झाकून ठेवलेलं! तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते तिनं मला पुढं सांगितलं. तिला वाटलं, सासूबाईंच्या हातून पाणी सांडलं असावं आणि सासऱ्यांच्या धाकानं त्यांनी लपवलं असावं. बिचाऱ्या आई! तिनं पदर खोचला, खळ्यात चटया अंथरल्या आणि एकेक टोपली ओढत नेऊन सगळं भात उन्हात पसरलं. नीट, पातळ, मध्ये बोटांनी रेघा ओढून. मग हात धुतले आणि समाधानानं स्वयंपाकाला लागली.

आई दुपारी आली. खळ्याच्या तोंडाशी थबकली. तिच्या हातातली पिशवी सुटली, दोन कांदे घरंगळत मोडांच्या भातात गेले. ते उचलायला ती वाकली आणि वाकल्या वाकल्या तिनं विचार केला: माझ्या घरात बियाण्याला हात लावायची छाती एकाचीच. म्हणजे घरधनी येऊन गेले. त्यांनी हे केलं. का केलं? विचारायचं कसं? मोडाला टोकायचं नाही. तिनं कांदे पुसले आणि आत गेली.

"आई, जेवायला वाढू?" बायकोनं हसून विचारलं.

"वाढ," आई म्हणाली. सुनेचा चेहरा इतका फुललेला का, हे तिला कळेना.

शेजारी कुंपणाला लागून ज्यांचं घर, त्यांना मी काका म्हणायचो. काका तंबाखू मळत कुंपणाशी आले. त्यांनी खळ्यात पाहिलं. हात थांबला. वडिलांचं भात उन्हात! त्यांनी आईकडं पाहिलं, आईनं आभाळाकडं पाहिलं. काकांनी मान डोलावली, म्हणजे काहीतरी मोठं शास्त्र आपल्या ध्यानात आलंय अशी, आणि झपाझप घरी गेले. थोड्याच वेळात काकांच्या खळ्यात चटया अंथरल्याचा आवाज आला. मग त्यांच्या पलीकडच्या घरात. मग समोर.

मी शिफ्ट संपवून आळीत शिरलो तेव्हा आळीभर भात वाळत होतं. मी काही शेतीतला जाणता नव्हे, पण इतकं मलाही समजत होतं की हे काहीतरी उलटं चाललंय. घरी आलो तर आमचंही तसंच. आईला खुणेनं विचारलं, काय हे? आईनं खुणेनं सांगितलं, मला नको विचारू. मला वाटलं आईवडिलांचं भांडण झालंय. मी गुपचूप चहा मागितला. बायकोनं चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. तेव्हाही मला कळलं नाही.

आणि मग वडील आले.

ते उघाडीकडून, म्हणजे आळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून चालत आले. पहिल्या घरासमोर थांबले. खळ्यात बघितलं. डोक्याचा टॉवेल काढला, पुन्हा बांधला. दुसऱ्या घरासमोर थांबले. पुढं त्यांनी आम्हाला सांगितलं की त्यांना वाटलं, आपण उघाडीवर असताना गावात सरकारी माणूस येऊन काही नवं सांगून गेला. आपण सोडून सगळ्यांना कळलं. त्या वयात माणसाला ही भीती असतेच. आपल्या घराशी पोचले, आपलंच भात पाहिलं आणि त्यांची खात्री पटली, की आईनं सगळ्यांचं बघून आपलंही पसरलं. पण विचारणार कसं? नियम त्यांचाच होता!

ओसरीवर आम्ही तिघं बसलो. वडील आईकडं बघताहेत, आई वडिलांकडं बघतेय, मी कपात बघतोय. वर्षभराचं भात समोर उन्हात चुरचुरतंय आणि एक माणूस तोंड उघडायला तयार नाही. मी नाटकात कामं केली आहेत, पण असा प्रवेश मला कधी मिळाला नाही.

शेवटी बायकोच बोलली. दारातून, पदर डोक्यावर घेऊन, हसू दाबत.

"बाबा, भात वाचला बरं का. पार रुजायला लागला हुता. मी बघितला म्हनून."

वडिलांनी तिच्याकडं पाहिलं. आईनं तोंडाला पदर लावला. मला एकदम सगळं समजलं आणि त्याच क्षणी काहीच समजेनासं झालं. कारण हिला सांगायचं काय? तिनं चूक काय केली होती? तिच्या आईनं हे पाहिलं असतं तर पोरीची पाठ थोपटली असती.

वडील उठले. खळ्यात उकिडवे बसले. मूठभर भात उचललं, चोळलं. वाळलेल्या शेपट्या तुटून त्यांच्या तळव्याला चिकटल्या. एक दाणा त्यांनी दातांखाली फोडला आणि बराच वेळ चघळत राहिले. तेवढ्यात कुंपणावरून काकांचं डोकं वर आलं. आता मात्र त्यांना राहवेना.

"दादा, टोकतो म्हनून रागवू नको. पन अजून किती ऊन दाखवायचा?"

बघा आता. खरं सांगावं, तर आळी सुनेला जन्मभर हसणार, आणि आळीचं बी बुडालं तर शिव्याही तिलाच. खोटं सांगावं, तर उद्या चिखलात काय उगवेल ते आपल्या नावावर. वडिलांनी हातातलं भात परत चटईवर टाकलं.

"झाला," ते म्हणाले. "भरा आता. पानी मारून दडपून ठेवा. सकाळी टाकू."

"नवीन काढलास काय हा?"

"गुमान भर रे."

काका गेले. वडील आत आले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि आईला म्हणाले, "तिला कोनी सांगला नव्हता?"

"तुम्हीच बोलू देत नाय," आई म्हणाली. "मी काय खुणा करू?"

मग आई सुनेला घेऊन आत बसली आणि तिनं तिला रहू समजावून सांगितला, पहिल्यापासून. आतून रडण्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "रडू नको गो. मीठ आपल्या शेतात आधीच भरपूर हाय."

दुसऱ्या दिवशी आळीनं रहू टाकला. शेतातलं पाणी काढलं. आणि मग वाट बघणं. बायको जेवेना. ती वडिलांच्या समोर येईना. वडील तर तसेही सुनेशी थेट बोलत नसत, आमच्याकडं सासरा भिंतीला सांगतो आणि सून भिंतीकडून ऐकते, पण आता ते भिंतीशीही बोलेनासे झाले.

हिरवं आलं. काकांच्या शेतात असं दाट आलं की चिखल दिसेना. समोरच्यांचंही तसंच. आणि आमच्या शेतात इथं एक पुंजका, तिथं एक, मध्ये काळा चिखल, खरूज झालेल्या कुत्र्याच्या पाठीसारखा. काका बांधावर आले, नाचायचे तेवढे राहिले. "दादा, काय ऊन दाखवलास रे! केसासारखा आलाय!" मग त्यांची नजर आमच्या शेतावर गेली. "पन... तुझाच असा कसा?"

वडील उघाडीकडं चालू लागले. कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. आमचं भात एक दिवस आधी भिजलेलं, त्याचे मोड लांब झालेले. ते वाळले ते मेले. काकांचं भात नुसतं डोळा फुटलेलं, शेपटी यायची होती. तेवढ्या बियाला वाळवलं तरी ते मरत नाही, पाणी मिळालं की पुन्हा उठतं. म्हणजे एकच ऊन, एकच दुपार, आणि नक्कल करणाऱ्याचं वाचलं, ज्याची नक्कल केली त्याचं गेलं. यात न्याय कुठं आहे ते मला शाळेतल्या कुठल्याच धड्यात सापडलं नाही.

त्या संध्याकाळी बायको त्या दुपारनंतर पहिल्यांदा वडिलांसमोर बोलली, भिंतीला न सांगता. "काकांचं दाट झालंय. त्यांना विरळ करायलाच लागंल. ती रोपं उपटून आपल्या मोकळ्या जागी लावली तर?"

"खारात लावनी नाय होत," आई म्हणाली. "चिखल मांडीपर्यंत खातो मानसाला. कोन उतरनार?"

"मी उतरते. माझ्या आईला आनि मावश्यांना बोलावते."

वडील छताकडं बघत म्हणाले, "येतील?"

"लावनीला बोलावलं आनि आल्या नायत, असं आमच्याकडं होत नाय."

दोन दिवसांत एसटीतून तिची आई आणि मावश्यांचं पथक उतरलं, काष्टा मारूनच. काकांच्या शेतातून रोपांच्या जुड्या बांधल्या. काका प्रत्येक जुडीबरोबर विचारत होते, "हाही नवीन काढलाय काय?" बायका आमच्या शेतात उतरल्या आणि पहिली मावशी पाचव्या पावलाला रुतली. दुसरी तिला ओढायला गेली ती बसली. रोह्याचा चिखल पाय धरतो आणि सोडतो, आमचा फक्त धरतो. माझ्या सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

"विहिनबाय, ही शेती हाय का सापळा गो?"

बांधावर उभी असलेली माझी आई हसत सुटली. मग तिनंही काष्टा मारला आणि खाली उतरली. मिठागरात जन्म गेलेली बाई. "पाय उचलू नको. उचललास का रुतलास. चवडा आडवा कर नि ओढ. असा." ती चिखलावरून घसरत गेल्यासारखी गेली. मग पुढं आई, मागं सगळ्या मावश्या, बदकांच्या रांगेसारख्या डुलत, आणि हातातली रोपं चिखलात जाताहेत. लावायचं कसं ते आईला ठाऊक नव्हतं, चालायचं कसं ते त्यांना. दिवसभर दोन्ही बाजूंनी एकमेकींना इतके टोमणे मारले की मध्ये जेवण पोचवणाऱ्या मला दोन्हीकडून प्रसाद मिळाला.

रोपं जगतील की नाही, कुणालाच सांगता येईना. ती आधी आडवी पडली, पिवळी झाली. बायको रोज बांधावर जाऊन बसायची. तिला उठवायला मी जायचो आणि तिच्याशेजारी मीही बसून राहायचो. वडील दुरून उघाडीशी उभे राहायचे, पाणी आत धरावं की बाहेर सोडावं, या विचारात. कारण आमच्या जुन्या रोपांना जितकं पाणी हवं तितकं या लावलेल्यांना नको होतं. एकाच शेतात दोन मतं. मग एका सकाळी त्या आडव्या रोपांची पानं उभी दिसली, टोकं हिरवी. बायकोनं ते कुणाला सांगितलं नाही. ती घरी आली आणि पोटभर जेवली, त्यावरून आम्हाला कळलं.

भात पोटरीला आलं, फुललं, आणि पिकायची वेळ आली तेव्हा नवा गोंधळ. रहूनं आलेलं भात आधी पिवळं झालं, लावलेलं अजून हिरवं. एक चौकोन सोनेरी, शेजारचा ठिगळासारखा हिरवा. कापावं तर अर्धं कच्चं जाईल, थांबावं तर अर्धं झडून जाईल. आळीतल्या माणसांची कापणी सुरू झाली. विळे घेऊन आम्हीही बांधावर उभे. काकाही होते. सगळे वडिलांकडं बघत होते, सवयीप्रमाणं.

वडील शेताकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली. आईकडं नाही, माझ्याकडं नाही, भिंत तर तिथं नव्हतीच.

"सूनबाय," ते म्हणाले. "कापू का थांबू?"

बायको इतकी गोंधळली की तिनं आधी मागं वळून पाहिलं, मागं आणखी कुणी सूनबाय उभी आहे का. मग ती शेतात उतरली, पाय ओढत, आईनं शिकवला तसा. हिरव्या लोंबीतला एक दाणा नखानं दाबला. पांढरा चीक आला. पिवळ्यातला दाबला, तो कडक.

"ह्यो कापा," ती म्हणाली. "त्यो ठेवा. त्याच्यात अजून दूध हाय."

वडिलांनी विळा उचलला आणि पिवळ्याला लागले. बाकीचं मागाहून कापलं. झोडलं, वारवलं, आणि घाईत वेगळं ठेवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही प्रकारचं भात एकाच कणगीत गेलं.

नव्या तांदळाचा पहिला भात आईनं शिजवला तेव्हा आम्ही सगळे एका पंगतीला बसलो. तांबडा, जाड, वाफाळता, वर रोह्याच्या वालाचं बिरडं. मी पहिला घास घेतला आणि मला राहवेना.

"ह्यातला रहूचा कुठला नि लावणीचा कुठला?"

"रहूचा हाय," आई म्हणाली. "चवीवरून कळत नाय?"

"लावणीचाच दाणा एवढा भरतो," बायको म्हणाली.

"भरतो? तुमच्याकडं भरत असंल गो."

"आई, तुम्ही चघळून बघा."

दोघी चघळू लागल्या, डोळे मिटून, शास्त्र्यासारख्या. मीही चघळलं. मला दोन्ही लागले, मग एकही लागेना. मी वडिलांकडं पाहिलं. त्यांनी ताट पुढं केलं.

"भात वाढ गो, सूनबाय," ते म्हणाले. "ह्यांचा चालू दे."